राणी होती, दाई झाली

‘कोहरा’ हा १९६४ सालचा हिंदी बोलपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातली ललिता पवारांची दाईमाँ अजून आठवत असेल. नवी सून भल्यामोठ्या हवेलीत पाऊल टाकते. घराच्या भिंतीभिंतीत पहिल्या बायकोची आठवण भरून राहिलेली, आणि जिकडे वळावे तिकडे ही दाई उभी! एकीकडे वहिदा रेहमानचे भेदरलेले डोळे आणि दुसरीकडे ललिताबाईंचा तो अधू डोळ्याचा, रोखून पाहणारा चेहरा. खाष्ट सासवा रंगवून दोन पिढ्यांच्या शिव्या खाल्लेल्या या येवल्याच्या बाईने तिथेही प्रेक्षकांची झोप उडवली.

‘कोहरा’ची कथा मूळची इंग्रजी. डॅफ्ने द्यू मोरिए या लेखिकेची ‘रिबेका’ ही कादंबरी १९३८ साली निघाली आणि दोनच वर्षांनी आल्फ्रेड हिचकॉकने तिचा चित्रपट केला. त्यातल्या दाईचे, म्हणजे हवेलीच्या कारभारणीचे नाव मिसेस डॅनव्हर्स. ती भूमिका करणारी बाई ना इंग्लंडची होती, ना अमेरिकेची. ती ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड गावची. नाव ज्यूडिथ अँडरसन.

हिचकॉकने या भूमिकेसाठी एक साधीच युक्ती केली होती. मिसेस डॅनव्हर्स चालताना जवळजवळ दाखवायचीच नाही! नायिका खोलीत एकटी असते, कसलासा आवाज होतो, ती वळून पाहते, तो ही समोर उभी. कुठून आली, केव्हा आली, पत्ता नाही. युक्ती दिग्दर्शकाची खरी, पण नुसते उभे राहून माणसाला घाबरवणे हे काम नटीचेच. काळा पायघोळ पोशाख, हात पुढे गुंफलेले, पापणी लवत नाही. मेलेल्या मालकिणीचे कपाट उघडून तिच्या कपड्यांवरून ही बाई असा हात फिरवते, की पाहणाऱ्याला भीतीही वाटते आणि थोडी दयाही येते. ही दया येते म्हणूनच ती भूमिका इतकी वर्षे टिकली, असे मला वाटते. निव्वळ दुष्ट बाया पडद्यावर पुष्कळ येऊन गेल्या. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत?

‘रिबेका’ला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ज्यूडिथचे नाव साहाय्यक अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी पुढे आले होते, पण ते दुसरीकडे गेले. चित्रीकरण झाले तेव्हा तिचे वय बेचाळीस. त्याआधी तिने उणापुरा एक बोलपट केला होता, तोही १९३३ साली. म्हणजे ज्या वयात सिनेमाच्या नट्या आपले फोटो मागच्या बाजूला ठेवू लागतात, त्या वयात हिची पडद्यावरची खरी सुरुवात झाली. आणि शेवट? तो थेट १९८७ साली!

पण मुळापासून सांगितले पाहिजे.

१० फेब्रुवारी १८९७ ला ॲडलेडमध्ये तिचा जन्म झाला. घरातले नाव फ्रान्सिस मार्गारेट. बाप स्कॉटलंडहून आलेला, शेअरबाजारात आणि खाणींच्या शोधात नशीब काढणारा. असल्या धंद्यात लक्ष्मी जशी येते तशीच जाते. ती गेली, आणि मुलगी लहान असतानाच बापाचे छत्रही संसारावरून निघून गेले. आई एके काळी परिचारिका होती. चार मुलांचा भार तिच्यावर पडला. या चौघांत फ्रान्सिस सगळ्यांत धाकटी. तिला शाळेत एकच गोष्ट उत्तम येई, ती म्हणजे ठसक्यात कविता म्हणणे. त्या काळी तिकडे वक्तृत्व आणि पाठांतर शिकवणारे खास मास्तर असत. आपल्याकडे गाण्याचे बुवा घरी येत तसे. लॉरेन्स कॅम्बेल नावाच्या अशाच एका मास्तरांकडे ती शिकली. शब्द तोंडातून कसा निघाला पाहिजे, वाक्याच्या शेवटी श्वास कसा राखून ठेवला पाहिजे, ही तालीम तिला तिथे मिळाली. पुढे आयुष्यभर तिने जे खाल्ले, ते या शिदोरीवर.

१९१५ साली सिडनीच्या थिएटर रॉयलमध्ये ती प्रथम धंदेवाईक रंगभूमीवर उभी राहिली. नाटक होते नेपोलियनच्या घटस्फोटाबद्दलचे, आणि मुख्य नट होता ज्यूलियस नाइट. त्या मंडळीबरोबर गावोगाव फिरताना काही अमेरिकन नटांनी तिच्या कानात भरवले, की पोरी, तू इथे काय करतेस? अमेरिकेला जा. आणि १९१८ साली, महायुद्ध अजून संपले नव्हते तेव्हा, ही विशीतली मुलगी आईला बरोबर घेऊन बोटीत बसली.

कॅलिफोर्नियाला उतरली तेव्हा तिच्याजवळ एक ओळखपत्र होते. ते होते सेसिल बी. डि मिलच्या नावाचे. त्या वेळच्या मूकपटांच्या दुनियेत डि मिल म्हणजे मोठे प्रस्थ. चिठ्ठी पोचली, काम मिळाले नाही. काही महिने खेटे घालून झाले आणि मायलेकींनी हॉलिवूडचा नाद सोडून न्यूयॉर्कची वाट धरली. त्यात नवल करण्याजोगे काही नाही. उंची बेताची, नाक लांब आणि टोकदार, डोळे खोल. मूकपटांना हवा असे गोल, गोड, गालाला खळी पडणारा चेहरा. हिचे सगळे भांडवल आवाजात, आणि मूकपटात आवाजाला कोण विचारतो? डि मिलला मी तरी दोष देणार नाही. पण ही चिठ्ठी वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचे पुढे काम पडणार आहे.

न्यूयॉर्कची पहिली वर्षे तंगीची गेली. चौदाव्या रस्त्यावरच्या एका नाटकमंडळीत तिला काम मिळाले. या मंडळ्या दर आठवड्याला नवे नाटक लावीत. दिवसा पुढच्या आठवड्याच्या तालमी, रात्री चालू नाटकाचे प्रयोग. आज मोलकरीण, उद्या सरदारीण, परवा म्हातारी सासू. अशा गिरणीतून जे नट दळून निघाले, ते कुठेही उभे राहायला भीत नाहीत. पुढे विल्यम जिलेट या बुजुर्ग नटाच्या मंडळीबरोबर ती दौऱ्यावरही हिंडली. १९२३ च्या सुमारास तिने नाव बदलून ज्यूडिथ घेतले, आणि १९२४ साली ‘कोब्रा’ नावाच्या नाटकात दुसऱ्याचा संसार नासवणारी मोहिनी रंगवून ती एका रात्रीत नावाजली गेली. नाटकाचे नाव पाहिलेत? नागीण! हिच्या कपाळी पहिल्यापासून हेच लिहिलेले.

तीन वर्षांनी, १९२७ साली, ती तीन नाटके घेऊन मायदेशी गेली. मोकळ्या हातांनी निघालेली पोर अमेरिकेतली मोठी नटी होऊन परत आली होती.

पण तिची खरी कसोटी त्यानंतरची. यूजीन ओनीलचे ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ हे नाटक १९२८ साली न्यूयॉर्कला जोरात चालू होते. नऊ अंकांचे नाटक! संध्याकाळी साडेपाचला पडदा वर जाई, मध्ये जेवणाची सुट्टी, मग पुन्हा रात्री उशिरापर्यंत प्रयोग. आपल्या जुन्या संगीत नाटकांची रात्रभराची मैफल ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याचे फार कौतुक वाटणार नाही. पण इथे गाण्याचा विसावा नव्हता, सगळा बोलण्याचा मारा. त्यातली मूळ नायिका लिन फाँटॅन बाजूला झाली आणि ती जागा ज्यूडिथने घेतली. १९३२ साली ओनीलच्याच दुसऱ्या एका अजस्र नाटकातली लाव्हिनिया तिने केली. दुसऱ्याने उभी केलेली भूमिका आपल्या अंगाला बसवून घेणे हे कठीण काम. प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे आधीचे माणूस असते. तेही तिने निभावले.

१९३६ साली जॉन गिलगुडचे ‘हॅम्लेट’ न्यूयॉर्कला लागले. गिलगुड बत्तीस वर्षांचा, आणि त्याची आई गर्ट्रूड झालेली ज्यूडिथ एकोणचाळीसची. सात वर्षांनी मोठी आई! रंगभूमीवर असले हिशेब कोणी करू नयेत हेच खरे. आपल्याकडे आगरकरांच्या ‘विकारविलसिता’त गणपतराव जोशांचा हॅम्लेट पाहायला लोक दूरदूरच्या गावांहून येत, तेव्हा गणपतरावांचे वय कोणी मोजत बसले नसेल.

दुसऱ्या वर्षी लंडनच्या ओल्ड व्हिकमधून बोलावणे आले. लॉरेन्स ऑलिव्हिएचा मॅक्बेथ आणि तिची लेडी मॅक्बेथ. ‘मॅक्बेथ’बद्दल इंग्रजी नटांत मोठी धास्ती आहे. नाट्यगृहाच्या आत त्या नाटकाचे नावही उच्चारायचे नाही, ‘ते स्कॉटिश नाटक’ म्हणायचे, इतकी. या खेपेला झालेही तसेच. नाटक उभे राहताना अडचणींमागून अडचणी, पहिला प्रयोग पुढे ढकलावा लागला, आणि ऐन तोंडावर, २५ नोव्हेंबर १९३७ ला, ओल्ड व्हिकच्या चालक लिलियन बेलिस वारल्या. या बाईंनीच ते थिएटर पोटच्या पोरासारखे वाढवले होते. तरीही नाटक झाले. नाटकवाल्यांची ही जात सगळ्या मुलखांत एकच.

लेडी मॅक्बेथ पुढे तिच्या अंगातच शिरली. वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना या पात्राची जात नव्याने सांगायला नको. नवऱ्याला खुनाला प्रवृत्त करणारी, आणि मग झोपेत चालत हातावरचे न दिसणारे रक्त धूत बसणारी ही राणी. १९४१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला मॉरिस एव्हान्सबरोबर तिने ती केली. १३१ प्रयोग झाले. महिन्याभरात अमेरिका युद्धात ओढली गेली. मॉरिस एव्हान्स फौजेत मेजर होऊन हवाई बेटांवर सैनिकांच्या करमणुकीचे खाते सांभाळू लागला, तर ज्यूडिथ तिथेही गेली आणि बराकीतल्या पोरांपुढे हेच नाटक केले. पुढे टेलिव्हिजन आला. तिथे १९५४ साली आणि पुन्हा १९६० साली, असे दोनदा त्याच जोडीने ‘मॅक्बेथ’ केले आणि दोन्ही वेळा तिला एमी पारितोषिक मिळाले. एका भूमिकेसाठी दोन वेगळ्या प्रयोगांत दोनदा!

आता मेडिआ.

ही ग्रीक कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मेडिआ ही दूरच्या रानटी समजल्या गेलेल्या मुलखातली राजकन्या, आणि मंत्रतंत्र जाणणारी. जेसन नावाचा ग्रीक वीर सोन्याची लोकर न्यायला येतो, ही त्याच्यावर भाळते, बापाशी बेइमानी करते, भावाचा जीव घेते आणि त्याच्याबरोबर पळून येते. दोन मुले होतात. मग एक दिवस जेसन कॉरिंथच्या राजाच्या मुलीशी लग्न ठरवतो. हिने मुलांना घेऊन गावाबाहेर चालते व्हावे, असा हुकूम सुटतो. मेडिआ एका दिवसाची मुदत मागून घेते. त्या एका दिवसात ती नव्या नवरीला विषारी वस्त्र पाठवून जाळते, आणि जेसनचा वंश राहू नये म्हणून पोटची दोन्ही मुले आपल्या हातांनी मारते. आपल्या महाभारतातल्या अंबेचा सूड यापुढे आठवतो. पण अंबेने जे केले ते शत्रूचे केले, आणि तिच्या ओटीत मुले नव्हती.

युरिपिडीस या ग्रीक नाटककाराने ख्रिस्तापूर्वी ४३१ साली हे नाटक लिहिले. ज्यूडिथच्या मेडिआमागे एक कवी होता, रॉबिन्सन जेफर्स. कॅलिफोर्नियात कार्मेलच्या समुद्रकाठी स्वतःच्या हातांनी दगड रचून बांधलेल्या घरात राहणारा, लोकांत फारसा न मिसळणारा माणूस. त्याच्या काव्याची ज्यूडिथ भक्त होती. तिच्यासाठी त्याने जुने ग्रीक नाटक नव्या इंग्रजी शब्दांत उतरवले आणि ते पुस्तक तिलाच अर्पण केले. पुस्तक १९४६ चे. रंगभूमीवर आले २० ऑक्टोबर १९४७ ला, न्यूयॉर्कच्या नॅशनल थिएटरात. दिग्दर्शक गिलगुड, जेसनही तोच. निर्मात्यांत रॉबर्ट व्हाइटहेड हा तरुण होता, आणि या धंद्यातला त्याचा हा पहिलाच डाव.

दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक नाटक, त्यात आई मुले मारते, आणि हे ब्रॉडवेवर चालवायचे! दुसऱ्या महायुद्धातून नुकतीच सुटलेली माणसे तिकीट काढून हे पाहायला येतील, असे कोणी म्हटले असते तर हसू झाले असते. माणसे आली. २१४ प्रयोग झाले. पन्नाशी गाठलेली एक बाई रंगभूमीच्या पायऱ्यांवर जखमी जनावरासारखी वळवळत होती, आणि दुसऱ्या क्षणी तिचा आवाज असा खाली उतरत होता, की शेवटच्या रांगेतल्याने श्वास रोखून ऐकावे. न्यूयॉर्कचे टीकाकार सहसा एकमत होत नाहीत, तिच्याबद्दल झाले. १९४८ साली तिला टोनी पारितोषिक मिळाले. त्या वर्षी ते तिघींना विभागून दिले होते: ज्यूडिथ, कॅथरिन कॉर्नेल आणि जेसिका टँडी.

पुढे ही मेडिआ घेऊन ती अमेरिकाभर हिंडली. १९५१ साली बर्लिनला गेली, १९५५ साली पॅरिसला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातही. तिकडे नुकताच एलिझाबेथन थिएटर ट्रस्ट नावाचा न्यास निघाला होता, देशाला स्वतःची रंगभूमी असावी म्हणून. त्याच्या विद्यमाने तिने मायदेशात मेडिआ केली. ऑस्ट्रेलियाच्या रंगभूमीचे दुखणे तेव्हा हेच होते, की तिथला गुणी नट बोटीने लंडनला किंवा न्यूयॉर्कला जायचा तो जायचाच.

आता ती चिठ्ठी. १९५६ साली ‘द टेन कमांडमेंट्स’ हा सेसिल बी. डि मिलचा शेवटचा आणि सर्वांत अवाढव्य बोलपट आला. आपल्याकडेही तो कित्येकांनी सहकुटुंब जाऊन पाहिला. त्यात फेरोच्या राजवाड्यात एक म्हातारी दासी आहे, मेम्नेट तिचे नाव. नदीत सापडलेले मूल कोणाचे, हे गुपित तिला ठाऊक असते आणि पुरावा म्हणून तिने एक कापड जपून ठेवलेले असते. ही मेम्नेट म्हणजे ज्यूडिथ अँडरसन. १९१८ साली ज्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतली, त्याच माणसाने अडतीस वर्षांनी तिला बोलावून घेतले. त्याला ती जुनी चिठ्ठी आठवत होती की नाही देव जाणे. हिला आठवत नसेल, असे मात्र म्हणवत नाही.

सिनेमाने तिला नेहमी असेच वापरले. ‘लॉरा’मधली उतारवयाची श्रीमंत विधवा, ‘सालोमे’मधली कपटी राणी, ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’मधली भाबडी, बडबडी सासू. तिची जागा नेहमी नायिकेच्या पाठीमागे, दाराआड. रंगभूमीवर जी राणी होती, ती पडद्यावर दासी, दाई, सावत्र आई. दुसरी एखादी मानाने बाजूला झाली असती. ही कामे घेत राहिली. थोडे पैशासाठी असेल, थोडे सवयीने. एकट्या १९६० सालाकडे पाहा. त्या वर्षी इंग्लंडच्या राणीने तिला ‘डेम’ केले, म्हणजे पुरुषांना ‘सर’ करतात तसा बायकांचा किताब. त्याच वर्षी तिने लंडनला चेकॉव्हच्या ‘सी-गल’मधली आर्काडिना केली, वय मान्य न करणाऱ्या एका नटीचीच ती भूमिका आहे. आणि त्याच वर्षी जेरी लुईसच्या ‘सिंडरफेला’ या धांदरट विनोदी चित्रपटात सावत्र आईही झाली! डेम ज्यूडिथ आणि जेरी लुईस! १९७० साली तर ‘अ मॅन कॉल्ड हॉर्स’मध्ये सू जमातीची इंग्रजी न बोलणारी म्हातारी होऊन आली. तोंडावर इतकी रंगरंगोटी, की ओळखीच्या माणसानेही ओळखू नये.

संसाराचे विचाराल, तर तो तिला साधला नाही. दोन लग्ने झाली. पहिला नवरा कॅलिफोर्निया विद्यापीठातला इंग्रजीचा प्राध्यापक. ते लग्न १९३७ ते १९३९. दुसरा नाटकधंद्यातला, ते १९४६ ते १९५१. मूलबाळ नाही. ज्या बाईने मुले मारणाऱ्या आईचे दुःख रात्रीमागून रात्री लोकांपुढे मांडले, तिच्या घरात पाळणा कधी हलला नाही, असे लिहिण्याचा मोह वृत्तपत्रवाल्यांना होतो. मला त्यात अर्थ दिसत नाही. नटाच्या भूमिकेची मुळे त्याच्या घरात शोधायची, तर खून न केलेल्या माणसाने मॅक्बेथ करूच नये.

मग तिने एक साहस केले, ज्याबद्दल आजही दोन मते आहेत. १९७० साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, तिने हॅम्लेट करायचे ठरवले. हॅम्लेटची आई नव्हे, खुद्द हॅम्लेट! ऐन विशी-तिशीतला राजपुत्र. अमेरिकेत गावोगाव दौरा झाला आणि जानेवारी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रयोग झाले. टीकाकारांनी दयामाया केली नाही. सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीने १८९९ साली हॅम्लेट केला होता, पण तेव्हा ती पन्नाशीत होती, सत्तरीपार नव्हती. प्रयोग फसला, यात शंका नाही. मात्र आपण मराठी माणसांनी तरी याला हसू नये. बालगंधर्वांचे शालू-शेले उतारवयातही ज्यांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिले, त्यांना ठाऊक आहे, की रंगमंचावर देह एक सांगत असतो आणि कान दुसरेच ऐकत असतात. ज्यूडिथचा हिशेबही तोच असणार. हॅम्लेटचे शब्द तिला जन्मभर जवळ उभे राहून ऐकावे लागले होते. एकदा ते आपल्या तोंडाने म्हणायचे होते. म्हटले, पडली, घरी आली.

तिचे घर तेव्हा कॅलिफोर्नियात सँटा बार्बराला होते.

आणि आता जे सांगायचे आहे, त्यासाठी हा सगळा प्रपंच. १९८२ साली रॉबर्ट व्हाइटहेडने जेफर्सची ‘मेडिआ’ पुन्हा रंगभूमीवर आणायचे ठरवले. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो नवखा निर्माता आता मुरलेला नाटकवाला झाला होता, आणि या खेपेला दिग्दर्शनही त्याचेच. मेडिआची भूमिका त्याची पत्नी झोई कॉल्डवेल करणार होती. झोई मेलबर्नची, म्हणजे तीही ऑस्ट्रेलियन. वय अठ्ठेचाळीस. मेडिआच्या म्हाताऱ्या दाईच्या भूमिकेसाठी व्हाइटहेडने विचारले ज्यूडिथला. तिला पंचाऐंशी वर्षे पूर्ण झाली होती.

यात काय आहे, हे नाटकवाल्या घरातले माणूस लगेच ओळखेल. जी भूमिका एका कवीने आपल्यासाठी लिहिली, जिच्यावर आपले नाव छापले आहे, ती आपल्या डोळ्यांदेखत दुसरीने करायची; आपण तिच्या पायाशी बसायचे आणि काम सांभाळायचे ते तिचे. आपल्याकडच्या कितीतरी मोठ्या नटांना हे जमले नाही. त्यांनी मंडळ्या मोडल्या, पण भूमिका सोडली नाही. ज्यूडिथ हो म्हणाली.

नाटकाची मांडणी अशी आहे, की पडदा उघडतो तेव्हा मेडिआ रंगमंचावर नसते. दाई एकटी असते. जेसनची नाव आमच्या देशाला आलीच नसती तर बरे झाले असते, अशा अर्थाचे तिचे लांब भाषण आहे. पहिला शब्द तिचा. मेडिआ तेव्हा घरात आहे, आणि तिचा आक्रोश आधी नुसता आतून ऐकू येतो. तेव्हा विचार करा. कॉर्ट थिएटरमध्ये दर रात्री ही पंचाऐंशी वर्षांची बाई घरासमोर उभी राहायची, आपले भाषण म्हणायची, आणि मग पाठीमागच्या दारातून ती किंकाळी यायची, जी पूर्वी तिची होती. आता आवाज दुसरीचा. आणि दाईने ती ऐकून, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे अशी, दचकायचे.

साधारण पासष्ट प्रयोग झाले. झोई कॉल्डवेलला त्या वर्षीचे मुख्य अभिनेत्रीचे टोनी मिळाले. ज्यूडिथचे नाव साहाय्यक भूमिकेच्या टोनीसाठी पुढे आले, पण पारितोषिक मिळाले नाही. ‘रिबेका’च्या वेळी झाले तसेच.

आता स्वस्थ बसेल, असे कोणालाही वाटले असते. पण १९८४ साली ती ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात परग्रहावरची मुख्य पुजारीण झाली. आमच्या नातवंडांच्या वयाची मुले तिला तेवढ्यावरूनच ओळखतात. त्याच वर्षी अमेरिकन टेलिव्हिजनवर रोजची एक मालिका सुरू झाली, आणि योगायोग असा, की तिचे नावच ‘सँटा बार्बरा’, म्हणजे हिच्या राहत्या गावाचे. त्यात ती एका श्रीमंत घराण्याची तिखट जिभेची आजी होती. १९८७ पर्यंत तिने हे काम केले. तिची तक्रार एवढीच असे, की आपल्याला पुरेशा वेळा पडद्यावर आणत नाहीत. तेव्हा तिला नव्वदावे लागले होते.

जून १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाने तिला ‘कंपॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा आपला मोठा सन्मान दिला. पुढच्या जानेवारीत, ३ तारखेला, न्यूमोनियाने सँटा बार्बरालाच ती वारली. पंचाण्णवावा वाढदिवस पाच आठवड्यांवर आला होता.